घरान नाय

सुमेधाला खोटं बोलता येत नसे. हा काही फार मोठा गुण नव्हे. तिच्या सासूबाई हयात होत्या तोवर तो घरात अवगुणच धरला जाई. वर्गणी मागायला कोणी दारात आलं आणि सासूबाईंनी आतून हात हलवून 'मी घरात नाही म्हणून सांग' अशी खूण केली, की ही सूनबाई सरळ सांगून मोकळी होई, "आहेत आत, पण त्यांना वर्गणी द्यायची नाहीये." सासूबाई कपाळावर हात मारून घेत. पुढे त्या गेल्या, सुमेधाचे यजमान मनमाडला रेल्वेच्या कचेरीत बदलून गेले, आणि डोंबिवलीच्या चाळीतल्या शेवटच्या दोन खोल्यांत सुमेधा आणि तिची दहा वर्षांची शकू अशा दोघीच उरल्या. सुमेधा जवळच्याच मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची, आणि शकू तिच्याच वर्गात होती.

ही गोष्ट सत्तावन्न सालची. स्टेशनच्या पश्चिमेला तेव्हा वस्ती विरळ होती. सुमेधाच्या चाळीनंतर भाताची खाचरं लागत, खाचरांमागे भोईखार नावाचं आगऱ्यांचं गाव, गावामागे खारं पाणी अडवणारा मातीचा लांबलचक बांध, आणि बांधापलीकडे खाडी. वारा फिरला की ओहोटीच्या चिखलाचा वास थेट स्वयंपाकघरात येई. पाहुणे नाकाला पदर लावत. सुमेधाला तो वास सवयीचा झाला होता.

शकूच्या आधीची दोन मुलं तिच्या हाताला लागली नव्हती. म्हणून शकू पोटात असताना सासूबाईंनी पिठोरीचं व्रत तिच्या गळ्यात घातलं. सुमेधाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण म्हातारीच्या समाधानासाठी धरलेलं व्रत म्हातारी गेल्यावरही सुटलं नाही. श्रावणातल्या अमावास्येला दिवेलागणीची पूजा झाली, की आईनं खीरपुरीचं ताट खांद्यावरून मागे धरायचं आणि वळून न बघता विचारायचं, "अतीत कोण?" दारी आलेला अतिथी कोण, असा त्याचा अर्थ. मागे उभ्या असलेल्या मुलानं आपलं नाव सांगायचं आणि ताट घ्यायचं. शकूला खिरीची भारी घाई. पूजा आटपायच्या आतच मागून तिची कुजबूज सुरू होई, "आई, विचार ना. विचार ना गं." आणि विचारलं रे विचारलं, की अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं, "मी, शकू!" त्या एका ओरडण्यासाठी सुमेधा ते व्रत करत होती. हे मात्र ती कोणाजवळ कबूल करत नसे.

त्या वर्षी बंडाला शंभर वर्षं झाली होती आणि स्वातंत्र्याला दहा. शाळेनं पंधरा ऑगस्टला 'गाण्यांतला इतिहास' असा कार्यक्रम ठरवला आणि तो अर्थातच सुमेधाच्या अंगावर पडला. पोवाडे होते, प्रभातफेरीची गाणी होती, पण सगळी लांबच्या गावांची. आपल्या पायाखालच्या मातीतलं एखादं गाणं हवं, असं तिच्या मनानं घेतलं. आणि मनानं घेतलं की सुमेधा कोणाचं ऐकणारी नव्हती.

बायजा भोईखारची. रोज सकाळी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चाळीत यायची. पन्नाशीची, खणखणीत गळ्याची, आणि त्या गळ्याचा तिला तोराही तेवढाच. गावात लग्न असो की बांधाची डागडुजी, गाणं सांगायला बायजाच पुढे. सुमेधानं तिला विचारलं, "बायजाबाई, तुमच्याकडे बंडाच्या सालचं काही गाणं आहे का हो?"

"हाय ना," बायजा पाटी उतरवत म्हणाली. "बांधाचा गाना हाय. गोऱ्या सायबांची पलापल झाली ना, त्याच साली आमचा बांध फुटला."

मग ओट्यावर बसून, सुमेधानं दिलेला चहा बशीत ओतून तिनं सगळी हकिगत सांगितली. पिठोरीच्या उधाणाला बांधाला खिंडार पडलं. खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं हाताला दाणा लागत नाही. टाकलेली माती टिकेना. तेव्हा खिंडारात माणसं उभी करून त्यांच्या पाठीशी माती लोटायची असं ठरलं. खिंडारात सात माणसांची जागा होती. गावकरी दारोदार हाका मारत फिरले. घरोघरच्या बायका दारात येऊन सांगत होत्या, घरात नाही. पण आतून सहाजण आपणहून बाहेर आले, हातात हात गुंतवून खिंडारात उभे राहिले आणि बांधातच राहिले. सातवं दार राघोचं होतं.

"राघोला त्याचे आयनं कणगीमागं लपवला," बायजा म्हणाली. "दारान येऊन सांगितला, घरान नाय. लोकं गेली. आय कणगीमागं बघते तं राघो खराच नाय. तिकरं दार नाय, खिरकी नाय. घरान नाय, बांधान नाय. कवाच गावला नाय."

"पळून गेला असेल."

"असल. पन ती सातवी जागा रिकामी ती रिकामीच. दर वर्साला उधान आयला का तिथनंच पानी पाझरते. मग आमी बांधावर चिखल लावतो नि ह्यो गाना बोलतो. ज्याचा नाव घेतला त्याचे घरच्यांनी सांगायचा, घरान नाय. राघोचे घरान कोन उरला नाय, म्हनून त्याचा सगला गाव सांगते."

आणि बायजानं डोळे मिटून गळा सोडला.

उधान आयला गो, बांध फुटला,
हाका मारीत आयले दारी,
सांग गो बाय, राघो घरान हाय?

मग आवाज उतरवून स्वतःच जबाब दिला, "घरान नाय गो, घरान नाय."

समोरच्या बिऱ्हाडातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सुमेधाच्या अंगावर काटा आला, आणि कार्यक्रमाच्या दृष्टीनं तो तिला फारच आशादायक वाटला. तरी इतिहासाच्या बाईंना राहवेना. तिनं विचारलं, "पण हाका मारणारी माणसं तर केव्हाच मेली. आता विचारतं कोण?"

बायजानं पाटी डोक्यावर घेतली. "ते मना काय ठाव? आमी सांगतो, झाला."

सात मुली निवडल्या. त्या रांगेत उभ्या राहून कागदाचे तपकिरी गोळे भरलेल्या टोपल्या हातोहात पुढे देणार, नवं लुगडं नेसलेली बायजा एकेक नाव घेणार, आणि मुली जबाब देणार. तालीम झकास चालली होती. पण कार्यक्रम दोन दिवसांवर आला तसं सुमेधाला खटकायला लागलं. स्वातंत्र्यदिनाला, पाहुण्यांसमोर, सातही जणी आपल्या 'घरात नाही, घरात नाही' म्हणतायत. हाक आली की लपायचं, हे काय मुलींना शिकवायचं? तिनं शेवट बदलला. सहाजणी गाण्यातला जबाब देतील, पण राघो मात्र रांगेतून एक पाऊल पुढे येईल आणि छाती काढून म्हणेल, "हजर!"

बायजा म्हणाली, "असा कोनी बोलत नाय, बाई."

"म्हणून तर टाळ्या पडतील."

बायजाला टाळ्यांचं वावडं नव्हतं. पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, आणि ती खुर्ची ती दोनदा येऊन बघूनही गेली होती. "तुमची शाला, तुमचा कायदा," ती म्हणाली. राघोचं काम शकूला मिळालं. बाकीच्या आयांनी नाकं मुरडली आणि सुमेधानं तिकडे लक्ष दिलं नाही.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पत्र्याच्या मांडवात सगळं तिच्या मनासारखं झालं. सहा नावं झाली, सहा जबाब झाले. बायजानं सातवं नाव घेतलं. शकू पुढे आली, टाचा जुळवल्या आणि ओरडली, "हजर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर बायजानं शेवटची ओळ घ्यायची होती. पेटीवाल्या बाईंनी दोनदा सूर दिला, पण बायजा तोंड उघडं टाकून तशीच उभी राहिली, आणि शेवटी पडदा ओढावा लागला. पडद्यामागे ती तांब्याभर पाणी प्यायली.

"बाई, पोरीनं येकदाच सांगितला ना?"

"एकदाच. का?"

"मना दोनदा ऐकू आयला."

"पत्र्याखाली आवाज घुमतो हो."

बायजानं मान हलवली, पण खुर्चीवर जाऊन बसली नाही. मागच्या दारानं तशीच घरी गेली. सुमेधा टोपल्या आवरू लागली. सहांमध्ये कागदाचे गोळे होते. शकूची टोपली उचलायला गेली तर हाताला हिसका बसला. तिच्यात काठोकाठ खाडीचा चिखल होता, काळा, ओला, आणि त्यात एक बोटाच्या पेराएवढा खेकडा बाहेर येण्याची धडपड करत होता. सुमेधानं सातही जणींना रांगेत उभं करून झापलं. कोणी कबूल होईना. शकू तर आपल्या तळव्यांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना सुमेधानं शकूचं नाव उच्चारलं. "हजर, बाई," शकू म्हणाली. आणि तिच्या शब्दाखालून, तिच्याच बाकावरून, आणखी एक "हजर" आला. नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोराचा असतो तसा घोगरा. मुली फिदीफिदी हसल्या. सुमेधानं मागच्या दोन बाकांना उभं केलं आणि तास संपेपर्यंत बसू दिलं नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तसंच झालं, आणि त्या दिवशी कोणी हसलं नाही. मधल्या सुट्टीत शकूच्या शेजारी बसणारी मुलगी सुमेधाकडे आली आणि जागा बदलून द्या म्हणाली.

"का गं, भांडलात?"

"नाही, बाई. तिथं दाटी होते."

एका बाकावर दोघीच तर बसायच्या. सुमेधा तिला रागावणार होती, पण दाराशी थबकून तिनं आत पाहिलं. रिकाम्या वर्गात शकू बाकाच्या अगदी कडेला, अर्धी हवेत बसली होती. बाकीच्या बाकावर तिनं कोणाला तरी जागा करून दिली होती.

शकूचा रंग उतरला. बोलणं कमी झालं. सुमेधा तिला कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, जीभ पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले आणि बाटलीतलं औषध दिलं. नाडी बघताना तिचा हात उलटा केला आणि हसले. "काय हो बाई, लेकीला माती उपसायला लावता की काय?" शकूच्या दोन्ही तळव्यांना घट्टे पडले होते. सुमेधाही हसली. मग घरी येईपर्यंत तिनं तो हात आपल्या हातात घेतला नाही. आपण तो घेतला नाही, हे तिला घराचं कुलूप उघडताना कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

त्या आठवड्यात बायजा चाळीत फिरकली नाही. भाजी घेऊन दुसरीच बाई येत होती.

मग एका संध्याकाळी, सुमेधा कंदिलाची काच पुसत असताना, बाहेर कुंपणापाशी कोणीतरी विचारलं, "शकू घरान हाय?"

भोईखारची एखादी मुलगी खेळायला बोलवायला आली असेल, असं तिला वाटलं. आवाज मुलीचा नव्हता, हे तिच्या नंतर लक्षात आलं. ती सवयीनं म्हणाली, "आहे की. या ना आत."

कोणी आलं नाही. ती ओट्यावर गेली. कुंपणाशी कोणी नव्हतं. वारा पूर्वेकडून, स्टेशनच्या बाजूनं होता, आणि तरी चिखलाचा वास दारात उभा होता. समोरच्या बिऱ्हाडातले लोक जेवायला बसले होते. त्यांनी काही ऐकलं नव्हतं.

ती आत आली तर शकू खोलीत नव्हती. दुसऱ्या खोलीत नव्हती. सुमेधानं हाका मारल्या. शेवटी तांदळाच्या पिंपामागे कंदील धरला तेव्हा शकू दिसली. गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि तिथल्या वीतभर जागेतही भिंतीकडे सरकून बसली होती.

"आई, तू का सांगितलंस?"

"काय सांगितलं?"

"मी घरात आहे म्हणून. आता ते पुन्हा येतील. पुन्हा विचारलं तर नाही म्हणून सांग. तो म्हणतो, त्याच्या आईनं तसंच सांगितलं होतं."

"तो कोण, शकू?"

शकूनं मान वळवली आणि आपल्या शेजारच्या अंधाराकडे पाहिलं. परवानगी विचारावी तसं.

सुमेधाला भीती वाटली. इतकी वर्षं ती मुलींना सांगत आली होती की भीती अज्ञानातून येते, आणि आता कंदील त्या कोपऱ्यात आणखी पुढे धरायचा तिला धीर होईना. तिनं शकूला ओढून बाहेर काढलं आणि त्या रात्री दोघी कंदील न मालवता एका अंथरुणात झोपल्या. सकाळी तिनं स्टेशनजवळच्या बाजारात बायजाला गाठलं. बायजा तिला बघून भाजी सोडून उठायलाच निघाली होती.

"बायजाबाई, 'हजर' म्हटलं तर काय होतं?"

"बाई, तुमच्या पाया परते. कोनी बोललाच नाय कवा, मना काय ठाव? मी गाना सांगते. उपाय मना येत नाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मना लय हौस खुर्चीची."

पिठोरीची अमावास्या रविवारी आली. दुपारी उधाणाची भरती होती. ओट्यावर उभं राहिलं की भोईखारच्या पलीकडे, बांधाच्या वर चढू पाहणारं पाणी चमकताना दिसे. बांधावर माणसं मुंग्यांएवढी हलत होती आणि वाऱ्यावर मधूनच गाण्याचा तुकडा येत होता. सुमेधानं दार लावून घेतलं. दिवसभर तिनं शकूला नजरेआड होऊ दिलं नाही. खीर केली, पुऱ्या तळल्या, भिंतीवर पिठोरीचं चित्र लावलं, आणि हे सगळं करताना ती एकच गोष्ट मनात घोकत होती. कोणी विचारलं तर आपण खोटं बोलायचं. आयुष्यात एकदा.

दिवेलागणीला पाणी ओसरलं. खाडी रिकामी झाली आणि उघड्या चिखलाचा वास दाराच्या फटीतून आत आला.

मग कुंपणापाशी पावलं वाजली. एका माणसाची नव्हेत. भिजलेल्या, जड पायांची.

"शकू घरान हाय?"

शकू तिच्या मागेच, खोलीच्या मधोमध उभी होती. सुमेधानं बंद दाराला तोंड लावलं आणि मोठ्यानं, स्पष्ट, शाळेतल्या आवाजात सांगितलं, "शकू घरात नाही."

मग पावलं फिरली, खाचरांच्या दिशेनं गेली, आणि ऐकू येईनाशी झाली.

जमलं! सुमेधाला रडू फुटायचंच बाकी होतं. एवढं सोपं होतं, आणि इतकी वर्षं आपण सासूबाईंना उगाच छळलं! ती न वळताच पदरानं डोळे पुसत पूजेला बसली. घाईघाईनं हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली. मागे शकूच्या परकराची सळसळ होती. हात जोडून ती म्हणाली, शकू माझ्यापाशी राहू दे. एवढंच.

तिनं ताट उचललं आणि खांद्यावरून मागे धरलं.

आज मागून 'विचार ना' आलं नव्हतं.

"अतीत कोण?"

"मी, शकू!"

आवाज शकूचाच होता. पण तो खोलीतून आला नव्हता. तो फार लांबून आला होता, खाचरांवरून, भोईखारच्याही मागून, पलीकडल्या काठावरून हाक मारावी इतका बारीक.

आणि त्याच क्षणी मागून दोन हातांनी ताट घेतलं. बोटं तिच्या बोटांना लागली. गार होती. तळव्यांना घट्टे होते.

सुमेधा वळली.

शकू जमिनीवर मांडी घालून बसली होती. तेच पोलकं, तोच परकर, त्याच वेण्या. मान खाली घालून ती खीर खात होती, हातानं, न थांबता, फार वर्षांच्या भुकेनं.

"शकू?"

तिनं वर पाहिलं नाही. ताट चाटून पुसून स्वच्छ केलं, आणि मग म्हणाली, "हजर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा भाजी घेऊन आली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता.

"बाई, ह्या वर्सी नवल झाला! सांजचे पासून बांध येकदम कोरडा. थेंब पाझरत नाय. शंभर वर्सान असा झाला नाय. ती जागा भरली, बाई!"

बोलता बोलता तिचं लक्ष आत गेलं. पिंपामागून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. भाजी मोजून न देताच बायजा पायऱ्या उतरली.

पुढचं वर्ष सुमेधानं कसं काढलं, ते तिचं तिला ठाऊक. यजमान महिन्यातून एकदा येत आणि पोर किती शांत आणि शहाणी झाली म्हणून कौतुक करत. मुलगी शाळेत जायची, सांगितलेलं काम करायची, मिळेल ते खायची. खाडीकडे मात्र पाऊल टाकायची नाही, आणि कोणी दारात आलं की पिंपामागे जायची. सुमेधानं तिला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. दोन-तीनदा ती एकटीच बांधावर जाऊन उभी राहिली आणि हाका मारून परत आली. चिखल चिखलासारखाच होता.

पिठोरीच्या आदल्या दिवशी भोईखारच्या बायका बांध तपासून चाळीवरून गाणं म्हणत बाजाराला चालल्या होत्या. सुमेधा ओट्यावर तांदूळ निवडत होती. सहा नावं झाली. सातवं ऐकलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

सांग गो बाय, शकू घरान हाय?

"कोणी शिकवलं तुम्हाला हे?" ती धावत रस्त्यावर गेली. "राघोचं नाव कुठे गेलं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बायजा मान खाली घालून उभी राहिली. "कोनी शिकवला नाय. मघाशी बांधावर तोंडान आपसूक आयला. राघो बोलायला जाते तं शकूच निघते." मग हळूच म्हणाली, "आनी बाई, ज्याचा नाव हाय त्याचे घरच्यांनीच सांगायला लागते. तुमी उद्याला या."

सुमेधा गेली. मुलगी तिच्याबरोबर निघाली. तिला घरीच राहा म्हणून सांगितलं, पण तिनं सुमेधाचा हात धरला आणि सोडला नाही. वर्षभरात खाडीकडे न फिरकलेली ती पोर बांधावर ताठ उभी राहिली.

भर दुपार होती. पाणी बांधाच्या ओठाशी आलं होतं. बायका रांगेनं चिखलाच्या पाट्या पुढे देत होत्या आणि बायजा नावं घेत होती. एकेक घर जबाब देत होतं. घरान नाय गो, घरान नाय. सहावं नाव झालं.

"सांग गो बाय, शकू घरान हाय?"

सगळ्या थांबल्या. सगळ्यांनी सुमेधाकडे पाहिलं.

वर्षभर तिनं ठरवलं होतं की या वेळी ओरडून सांगायचं, आहे, माझी शकू घरात आहे, तिला सोडा. तिनं तोंड उघडलं. तिच्या हातातला हात घट्ट झाला. गार, घट्टे पडलेला. तिनं खाली पाहिलं. शकूच्या चेहऱ्यातून ते तिच्याकडे बघत होतं, आणि फार भ्यालेलं होतं.

सुमेधाला खोटं बोलता येत नसे.

"घरात नाही," ती म्हणाली.

हात सैल झाला. बायजानं सुटकेचा श्वास टाकला, सुमेधाच्या पायाशी पाटीभर चिखल ओतला आणि पुढचं कडवं घेतलं. बायका गाऊ लागल्या. त्यांच्या गाण्याखालून, ओल्या चिखलाखालून, अगदी जवळून कोणीतरी कुजबुजलं.

"आई, विचार ना. विचार ना गं."